गिझर तापतो ते ठीक, पण पिन का वितळली?



दहावीचा ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा पाठ सुरू झाला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. “बाई, एका सूत्रात रोध वाढला की शक्ती वाढते. दुसऱ्या सूत्रात रोध वाढला की शक्ती कमी होते. मग खरं कोणतं?”

प्रश्न चांगला आहे. त्यावर आपण बऱ्याचदा जे उत्तर देतो ते मात्र तितकंसं चांगलं नाही. “दोन्ही खरी आहेत, गणितात जे दिलंय त्याप्रमाणे सूत्र वापर.” यावर मूल गप्प बसतं, परीक्षेत मार्कही मिळवतं, पण घरी एक्स्टेन्शन बोर्डातून जळका वास आला तर त्याला काही सांगता येत नाही. म्हणून आज हा एकच प्रश्न घेऊया आणि तो घरातल्या गिझरवर सोडवूया. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी हे यंत्र सगळ्यांच्याच ओळखीचं असतं.

आधी उजळणी. नववीच्या ‘धाराविद्युत’ या पाठात विभवांतर, विद्युतधारा आणि रोध भेटलेले असतात. विभवांतर व्होल्टमध्ये, धारा अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये. नाती दोनच:

रोध = विभवांतर ÷ धारा
शक्ती = विभवांतर × धारा

पहिलं ओहमचं, दुसरं शक्तीचं. एकातलं दुसऱ्यात घातलं की आणखी दोन रूपं मिळतात:

शक्ती = धारेचा वर्ग × रोध
शक्ती = विभवांतराचा वर्ग ÷ रोध

मुलांना चार सूत्रं पाठ करायला लावू नका. पहिली दोन आली की बाकीची दोन वहीच्या समासात मिनिटभरात निघतात, आणि स्वतः काढलेलं सूत्र विसरायला होत नाही.

आता गिझरच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचायला सांगा. समजा २३० व्होल्ट, २००० वॅट लिहिलंय. मग धारा किती? २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर. आणि रोध? २३० ÷ ८.७ = सुमारे २६.४५ ओहम. गिझर उघडला नाही, मीटर लावला नाही, तरी आतल्या कॉइलचा रोध कळला. मुलांना याची मजा वाटते. सगळ्यांनी आपापल्या घरातल्या इस्त्रीचं, टोस्टरचं, पाणी तापवायच्या रॉडचं हे गणित करून आणायचं, एवढा गृहपाठ एका दिवसाला पुरतो. (पंखा आणि मिक्सर यातून वगळा. त्यांत मोटर असते, आणि बदलत्या धारेवर मोटरचा हिशोब नुसत्या रोधाने होत नाही. नववी-दहावीत ‘तापणारी उपकरणं’ एवढ्यावरच थांबावं.)

आता मूळ प्रश्नाकडे. कोणतं सूत्र खरं हे विचारण्याआधी मुलांना दुसरा प्रश्न विचारायला शिकवा: इथे ठरलेलं काय आहे?

घरातल्या सॉकेटवर ठरलेलं असतं ते विभवांतर. महावितरणकडून येणारी वीज साधारण २३० व्होल्टची. तुम्ही गिझर लावा, नाहीतर रात्रीचा झिरोचा दिवा लावा, सॉकेट २३० व्होल्टच देणार. धारा किती जायची ते उपकरणाचा रोध ठरवतो. तेव्हा इथे ‘विभवांतराचा वर्ग ÷ रोध’ हे रूप घ्यायचं, आणि ते सांगतं की रोध कमी तर शक्ती जास्त. ३००० वॅटच्या इन्स्टंट गिझरच्या कॉइलचा रोध काढून बघा, १७.६ ओहम येतो. म्हणजे मोठ्या गिझरचा रोध लहान. मुलांना हे आधी उलटं वाटतं.

याचंच जुनं उदाहरण आजी-आजोबांना विचारा. पूर्वी घरोघरी विजेची शेगडी असायची, चिनी मातीच्या खाचांत नायक्रोमची स्प्रिंग बसवलेली. कॉइल तुटली की जळालेला तुकडा टाकून दोन टोकं पिळून परत जोडायची. समजा १००० वॅटची शेगडी होती, म्हणजे रोध ५२.९ ओहम. कॉइलचा दहावा हिस्सा काढून टाकला की रोध उरतो ४७.६ ओहम, आणि शक्ती होते २३० × २३० ÷ ४७.६ = सुमारे ११११ वॅट. तार कमी, उष्णता जास्त. म्हणून जोडलेली कॉइल आधीपेक्षा लालभडक दिसायची आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तुटायची. तुटायची कुठे? बहुधा त्या पिळलेल्या जोडापाशीच. तो जोड आता आपल्या कामाचा आहे.

कारण गिझरची पिन वितळते ती अशाच एका जोडापाशी.

गिझरचा थ्री पिन प्लग सॉकेटमध्ये बसतो तेव्हा पितळेची पिन आणि आतली पत्ती एकमेकींना टेकतात. टेकणं घट्ट असेल तर त्या जागेचा रोध नगण्य असतो. पण पत्ती सैल झाली, पिनवर बाथरूमच्या दमटपणाने थर चढला, आतला स्क्रू ढिला झाला, की त्या इवल्याशा जागेत थोडा रोध तयार होतो. समजा ०.२ ओहम. गिझरच्या २६.४५ ओहमपुढे हे काहीच नाही.

आता काय ठरलेलं आहे? पिन आणि गिझर एकसर जोडणीत आहेत. जी धारा गिझरमधून जाते तीच पिनेतून जाते. ती धारा किती हे मुख्यतः गिझरच ठरवतो, पिनेचं त्यात फारसं चालत नाही. म्हणजे पिनेच्या दृष्टीने धारा ठरलेली. इथे रूप बदललं, ‘धारेचा वर्ग × रोध’ घ्यायचं, आणि ते सांगतं की रोध जास्त तर उष्णता जास्त.

एकूण रोध २६.६५ ओहम, धारा २३० ÷ २६.६५ = ८.६३ अँपिअर. पिनेत होणारी उष्णता ८.६३ × ८.६३ × ०.२ = सुमारे १५ वॅट.

“एवढीच?” असं मुलं म्हणतात. म्हणू द्या. मग विचारा, १५ वॅट कुठे? तूरडाळीच्या दाण्याएवढ्या जागेत. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सोल्डरिंग आयर्न मागितलं तर साधं म्हणून २५ वॅटचं देतात. त्याच्या टोकाला १८३ अंशांच्या वर वितळणारं सोल्डर पाण्यासारखं पळतं. आपल्या घरातल्या साध्या वायरवरचं पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी केलेलं असतं. आता १५ वॅट फार की थोडे ते त्यांनाच ठरवू दे.

तुलनेसाठी भिंतीतल्या वायरचा हिशोब करा. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बोर्डापासून गिझरपर्यंत १० मीटर, जाऊन-येऊन २० मीटर. तिचा रोध साधारण ०.२३ ओहम, म्हणजे ढिल्या पिनेपेक्षा थोडा जास्तच. तीही १७ वॅट उष्णता देते, पण २० मीटरभर पसरून, मीटरला एक वॅटसुद्धा नाही. हाताला कळणार नाही. शक्ती तेवढीच, जागा वेगळी.

पुढची गोष्ट पालकांनी मुद्दाम वाचावी. “आमच्याकडे एमसीबी आहे, काही झालं तर पडेल,” असं बरेच जण म्हणतात. एमसीबी पडतो तो धारा वाढल्यावर. वर बघा, पिन ढिली झाल्यावर धारा वाढली का? ८.७० वरून ८.६३ झाली, म्हणजे थोडी कमीच झाली. एमसीबीच्या दृष्टीने सगळं उत्तम चाललंय. गिझरलाही कळत नाही, तो २००० ऐवजी १९७० वॅट देतो, पाणी नेहमीसारखंच गरम होतं. शॉकपासून वाचवणारा ईएलसीबी किंवा आरसीसीबी बाहेर गळणारी धारा पकडतो, इथे गळती नाही म्हणून तोही गप्प. मग पिन तापते, पत्तीचा ताण जातो, पृष्ठभाग काळवंडतो, रोध वाढतो. रोध ०.५ ओहम झाला की धारा ८.५३ अँपिअर आणि पिनेतली उष्णता ३६ वॅट. आता ती सोल्डरिंग आयर्नच्याही पुढे गेली. हे चक्र थांबवणारं यंत्र साध्या घरात नसतं. कळतं ते नाकाला, डोळ्याला आणि हाताला: जळका वास, तपकिरी झालेलं सॉकेट, आंघोळीनंतर बटण बंद करून काढलेला गरम प्लग. असं दिसलं तर मुख्य स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि पिन टॉप व सॉकेट दोन्ही बदलून घ्या. नुसता नवा पिन टॉप जुन्या सैल पत्तीत बसवला तर काही महिन्यांत तोही काळा पडतो.

पेठांमधल्या खोल्यांत राहणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांची परिस्थिती याहून नाजूक असते. एका एक्स्टेन्शन बोर्डावर १५०० वॅटचा रॉड, शेजारी १००० वॅटची इस्त्री. दोन्ही एकदम चालू केले तर २५०० ÷ २३० = जवळजवळ ११ अँपिअर, आणि बोर्डावर छापलेलं असतं ६ अँपिअर. खोलीचा एमसीबी १६ अँपिअरचा असेल तर तो हू की चू करणार नाही. त्यातून वायर बारीक आणि वेटोळं करून गादीखाली सरकवलेली, म्हणजे निर्माण झालेली उष्णता बाहेर जायलाही वाट नाही. आपला मुलगा किंवा मुलगी बाहेरगावाहून येऊन पुण्यात असं राहत असेल, तर फोनवर जेवलास का, जेवलीस का याच्यासोबत बोर्डावर काय काय लावलंय हेही विचारा.

वर्गातलं एखादं चुणचुणीत मूल पुढे विचारतं, “पिनेचा रोध वाढतच गेला तर उष्णता वाढतच जाणार का?” नाही. रोध फार वाढला की धाराच आटते, आणि पूर्ण तुटला की शून्य. मधे कुठेतरी कमाल असणार. ती पिनेचा रोध गिझरएवढाच, म्हणजे २६.४५ ओहम झाल्यावर येते. तेव्हा धारा अर्धी होते, ४.३५ अँपिअर, आणि पिनेत ५०० वॅट. अर्थात तोपर्यंत पिन जागेवर राहिलेली नसते. वेगवेगळे रोध घेऊन आलेख काढायला द्या, गणिताच्या तासालाही उपयोगी पडेल.

आता मुलं जिथे सगळ्यात जास्त अडखळतात ती जागा. पिनेचं गणित काही मुलं अशी करतात: विभवांतराचा वर्ग ÷ रोध, म्हणजे २३० × २३० ÷ ०.२ = २,६४,५०० वॅट. अडीच लाखांहून जास्त! सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, उत्तर हास्यास्पद. कारण २३० व्होल्ट पिनेचे नाहीतच. पिन आणि गिझर मिळून दोघांचे ते आहेत. पिनेच्या वाट्याला येतात ८.६३ × ०.२ = १.७३ व्होल्ट. आता १.७३ × १.७३ ÷ ०.२ करा, पुन्हा १५ वॅटच येतात. सूत्रातलं विभवांतर, धारा आणि रोध हे तिन्ही एकाच वस्तूचे असले पाहिजेत. मी वहीत प्रत्येक आकड्याखाली ‘कोणाचा?’ असं लिहायला लावते. गिझरचे व्होल्ट, पिनेचा रोध अशी खिचडी लगेच दिसून येते.

हाच ‘कोणाचा?’ रस्त्यावरच्या डीपीपाशीही विचारता येतो. पुण्यात बऱ्याच भागांत डीपीपर्यंत वीज २२ हजार व्होल्टने येते आणि तिथे उतरवून घरांना दिली जाते. मुलं विचारतात, व्होल्ट एवढे वाढवले तर तारेत उष्णता वाढणार नाही का? वर्ग आहे ना तिथे! हिशोब करू. (थ्री फेजचं गणित वेगळं असतं, इथे सोयीसाठी साधी दोन तारांची जोडणी धरू.) एका सोसायटीला १ लाख वॅट हवेत आणि तारेचा रोध ०.१ ओहम आहे. २३० व्होल्टने पाठवायचे तर धारा ४३५ अँपिअर, तारेतला नाश ४३५ × ४३५ × ०.१ = सुमारे १८,९०० वॅट. २२ हजार व्होल्टने पाठवले तर धारा ४.५५ अँपिअर आणि नाश फक्त २ वॅट. २२ हजार व्होल्ट हे तारेच्या दोन टोकांमधले नाहीत, ते दोन तारांमधले आहेत. तारेच्या स्वतःच्या वाट्याला अर्धा व्होल्टही येत नाही.

मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याला उतरून वीज होते आणि मुंबईकडे जाते, ते याच हिशोबाच्या जोरावर. त्या धरणाला विरोध करणारा मुळशी सत्याग्रह १९२१ साली सुरू झाला आणि त्यातून पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्या पाठ्यपुस्तकात आपण हे धडे वाचतो ते काढणारी बालभारती पुण्यात त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर आहे. विज्ञानाच्या तासाला इतिहासाची दोन मिनिटं गेली तर जाऊ द्या.

ओहमविषयीही सांगण्यासारखं आहे. गेओर्ग ओहम हा जर्मनीत कोलोन इथे शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारा मास्तर होता. शाळेच्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन त्याने मोजमापं केली आणि १८२७ साली पुस्तक छापलं. त्याच्या देशात सुरुवातीला त्याचं फारसं कौतुक झालं नाही. धारेच्या वर्गाची गोष्ट मँचेस्टरजवळच्या जेम्स ज्यूलने १८४१ साली प्रसिद्ध केली तेव्हा तो २२ वर्षांचा होता, घरचा धंदा बिअर बनवण्याचा.

ओहमच्या नियमात तापमान कायम असलं पाहिजे अशी अट आहे, ती मुलं वाचून सोडून देतात. घरात जुना १०० वॅटचा पिवळ्या उजेडाचा बल्ब असेल तर होल्डरमधून काढून, थंड असताना, मल्टिमीटरने त्याचा रोध मोजा. पट्टीवरून हिशोब केला तर २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओहम यायला हवा. मीटर दाखवतो साधारण ४० ओहम. मीटर बिघडलेला नाही. पेटल्यावर टंगस्टनची तार दोन हजार अंशांच्या वर जाते आणि तिचा रोध दहा पटींहून जास्त वाढतो. थंड बल्बमधून पहिल्या क्षणी जाणारी धारा म्हणूनच फार मोठी असते, आणि बल्ब बहुतेकदा बटण दाबतानाच का उडतो याचं उत्तरही तिथेच आहे. गिझरच्या नायक्रोमचा रोध तापल्यावर फारच थोडा बदलतो, म्हणून आपला वरचा हिशोब चालला.

वर्गात प्रयोग करायचा तर भिंतीतल्या विजेला हात लावू नका. पेन्सिल सेल चार, होल्डर एक, आणि पांढऱ्या सिमेंटचे ५ वॅटचे दोन रोध, २२ आणि ४७ ओहमचे. आधी दोन्ही समांतर जोडा. ६ व्होल्ट धरले तर २२ ओहमच्या रोधात १.६ वॅट आणि ४७ च्या रोधात ०.८ वॅटच्या आत. लहान रोध जास्त तापतो. बोट लावू नका, थर्मामीटरचा फुगा टेकवा, दोन-तीन मिनिटं थांबा. मग थंड होऊ द्या आणि तेच दोन्ही एकसर जोडा. धारा ०.०८७ अँपिअर, २२ च्या रोधात ०.१७ वॅट, ४७ च्या रोधात ०.३६ वॅट. आता मोठा रोध जास्त तापतो, फरक कमी अंशांचा असला तरी दिसतो. वस्तू त्याच, सेल तेच, फक्त जोडणी बदलली. समांतर जोडणीत सेल थोडे बसतात, म्हणून ६ व्होल्ट गृहीत धरू नका, प्रत्येक वेळी मीटरने मोजून मोजलेलाच आकडा वहीत घ्या. दोन गटांचे आकडे थोडे वेगळे आले तर खाडाखोड करून जुळवू देऊ नका.

घरी सोडवायला एक गणित देते, पालकांनी मुलांसोबत बसावं. सकाळी सगळ्या सोसायटीचे गिझर एकदम चालू झाले आणि व्होल्टेज २०० पर्यंत उतरलं. २००० वॅटचा गिझर आता किती वॅट देईल? १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला किती मिनिटं जास्त लागतील? पाण्याच्या एका किलोला एक अंश वाढवायला ४१८० ज्यूल धरा. कॉइलचा रोध २६.४५ ओहमच राहतो हे लक्षात घेऊन सुरुवात केली की शक्ती १५१२ वॅटच्या जवळ येते आणि १३ मिनिटांचं काम १७ मिनिटांवर जातं. जी मुलं ८.७ अँपिअर धारा तशीच ठेवून २०० × ८.७ = १७४० वॅट लिहितील, त्यांना विचारा, ते ८.७ अँपिअर किती व्होल्टवरचे होते?